आईच्या दुधातील जस्त आणि सहाव्या महिन्यानंतरची वाटी

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या सगळ्या शरीरात मिळून जेमतेम ५० ते ६० मिलिग्रॅम जस्त असते, आणि तरीही या एवढ्याशा धातूवाचून त्याच्या शरीरातील एकही पेशी नीट विभागू शकत नाही. तीनशेहून अधिक विकरांना, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना, जस्ताचा अणू लागतो. जनुकांवर बसून त्यांचे काम चालू-बंद करणारी कितीतरी प्रथिनेही जस्तामुळेच आपला आकार टिकवून धरतात. त्यामुळे जेथे पेशी सर्वांत भराभर निर्माण होतात तेथे, म्हणजे त्वचा, आतड्याचे अस्तर आणि रोगप्रतिकाराच्या पेशी या ठिकाणी, जस्ताची उणीव सर्वांत आधी जाणवते, आणि वाढीच्या वयात ती उंची-वजनावर उमटते. लोह किंवा अ जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवते आणि टंचाईच्या काळात तो साठा वापरते, परंतु जस्ताची अशी भरवशाची कोठी शरीरात नाही. नवजात बाळ याला काहीसा अपवाद आहे. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत त्याच्या यकृतात मेटॅलोथायोनीन नावाच्या प्रथिनाला बांधलेले जस्त जमा होते आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते हळूहळू उपयोगात येते. जे बाळ दिवस भरण्याआधी जन्मते त्याला ही शिदोरी पुरेशी मिळत नाही, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उंदरांच्या वाढीला जस्त लागते हे १९३४ मध्येच दाखवले गेले होते, परंतु माणसाच्या आहारात त्याची उणीव पडू शकेल असे पुढची पंचवीस वर्षे कोणाला फारसे वाटले नाही. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले आणि पाटण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे गेले असता त्यांना खुंटलेल्या वाढीचे, विशीत येऊनही दहा वर्षांच्या मुलांसारखे दिसणारे तरुण आढळले, ज्यांचा आहार जवळजवळ सर्वस्वी न आंबवलेल्या कोंडायुक्त गव्हाच्या रोटीचा होता. १९६१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे इजिप्तमधील तशाच रुग्णांवर काम करून जस्ताची उणीव हे कारण पुढे आणले. पोळी-भाकरीवर जगणाऱ्या समाजांच्या दृष्टीने या शोधाचा एक भाग विशेष महत्त्वाचा ठरतो, तो असा की त्या रोटीत जस्त कमी नव्हते. ते आतड्यातून रक्तात उतरत नव्हते. अंगावर पिणाऱ्या बाळाचा प्रश्नही शेवटी याच मुद्द्यापाशी येऊन पोहोचतो, मात्र त्याची सुरुवात फार वेगळ्या ठिकाणी होते.

आईच्या दुधातील अनेक घटकांचे प्रमाण पहिल्या सहा महिन्यांत फारसे हलत नाही, परंतु जस्ताचे प्रमाण मात्र उतरणीला लागलेले असते. पहिल्या दिवसांतील चिकात ते सर्वाधिक असते. दोन आठवड्यांनी लिटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅम, महिन्याने ३, दोन महिन्यांनी २, तीन महिन्यांनी दीड आणि सहा महिन्यांनी सुमारे १.२ मिलिग्रॅम अशी ही उतरण अमेरिकेतील डेन्व्हर येथे नॅन्सी क्रेब्स, मायकेल हॅम्बिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापांतून दिसून आली. वरवर पाहता यातून आईचे दूध दिवसेंदिवस निकस होत जाते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि वरच्या दुधाचे डबे विकणाऱ्यांना तो सोयीचाही आहे. परंतु बाळाची गरज त्याच वेळी कशी बदलते हे पाहिल्याशिवाय तो निष्कर्ष काढता येत नाही.

शरीराचा एक ग्रॅम नवा मांसल भाग तयार व्हायला सुमारे २० मायक्रोग्रॅम जस्त लागते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बाळाचे वजन रोज सुमारे ३० ग्रॅमने वाढते, म्हणजे केवळ वाढीसाठी त्याला दिवसाला ०.६ मिलिग्रॅम जस्त शोषले जाणे आवश्यक असते. सहाव्या महिन्याच्या सुमारास वजनवाढ दिवसाला १३ ग्रॅमच्या आसपास येते आणि वाढीपुरती गरज पाव मिलिग्रॅमवर उतरते. महिन्याच्या बाळाला पाऊण लिटर दुधातून सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास जस्त मिळते व त्यातील निम्मे जरी शोषले गेले तरी वाढीची आणि मलमूत्र-त्वचेवाटे होणाऱ्या घटीची भरपाई आरामात होते. दुधातील जस्त जसे उतरते तसा वाढीचा वेगही मंदावतो, आणि म्हणूनच निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज जस्ताचा दुसरा कोणताही पुरवठा लागत नाही.

सहाव्या महिन्यानंतर मात्र हे गणित जुळेनासे होते. वजनवाढ मंदावली तरी शरीर मोठे झालेले असते आणि आतड्यावाटे रोज होणारी जस्ताची घट शरीराच्या आकाराबरोबर वाढत जाते. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे ०.८४ मिलिग्रॅम जस्त प्रत्यक्ष शोषले जावे लागते, असा अमेरिकेतील वैद्यक संस्थेचा २००१ मधील हिशेब आहे. या वयात लिटरमागे १.२ मिलिग्रॅम असलेले पाऊण लिटर दूध ०.९ मिलिग्रॅम जस्त देते, त्यातील निम्मे शोषले गेले तर हाती जेमतेम ०.४५ मिलिग्रॅम येते, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून थोडे अधिक; आणि पुढे हे प्रमाण आणखी घटत जाते. उरलेला वाटा वाटीतून, म्हणजे उष्टावणानंतर सुरू होणाऱ्या पूरक आहारातून यावा लागतो. आईचे दूध दोन वर्षे आणि त्यानंतरही चालू ठेवावे हा सल्ला यामुळे बदलत नाही, कारण दूध इतर अनेक गोष्टी देतच राहते.

आईने अधिक जस्त खाल्ले तर ही उतरण थांबेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तसे होत नाही. स्तनातील ग्रंथी रक्तातील जस्त स्वतःच्या नियंत्रणाखाली दुधात सोडतात आणि आईच्या रोजच्या आहाराचा किंवा तिने घेतलेल्या गोळ्यांचा त्यावर फारच थोडा परिणाम होतो. आहार साधारण असलेल्या मातांचे शरीर स्तनपानाच्या काळात आतड्यातून अधिक जस्त शोषून घेऊन ही मागणी भागवते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खोबरे-तीळ हे बाळंतिणीचे पदार्थ तिच्या स्वतःच्या शरीराची झीज भरून काढण्यासाठी जरूर द्यावेत, मात्र त्यांनी दुधातील जस्त वाढेल या अपेक्षेने नव्हे.

आईच्या दुधातील जस्ताचे खरे बळ त्याच्या सहज शोषले जाण्यात आहे. गाईच्या दुधात लिटरमागे ३ ते ४ मिलिग्रॅम जस्त असते, म्हणजे सहा महिन्यांच्या आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. परंतु त्यातील बरेचसे केसीन या प्रथिनाला घट्ट बांधलेले असते आणि केसीनचे पोटात जाड दही होत असल्याने ते सुटून शोषले जाण्यास अडचण येते. आईच्या दुधात केसीन कमी असते आणि जस्ताचा एक भाग सायट्रेटसारख्या लहान रेणूंशी सैलसर जोडलेला असतो, त्यामुळे त्याचा सुमारे निम्मा वाटा बाळाच्या रक्तात पोहोचतो. सोयाबीनपासून केलेल्या दुधाच्या भुकटीत हे शोषण आणखी खाली जाते.

या फरकाचे सर्वांत ठळक उदाहरण एका दुर्मीळ आजाराने पुरवले. आनुवंशिक ॲक्रोडर्मॅटायटिस एंटेरोपॅथिका या आजारात बाळाच्या तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांच्या टोकांवर लालभडक, खपल्या धरणारे चट्टे उठतात, केस गळतात, जुलाब थांबत नाहीत आणि उपचार न झाल्यास मूल दगावते. नॉर्वेचे डानबोल्ट आणि क्लोस यांनी १९४२ मध्ये त्याचे स्पष्ट वर्णन केले. बाळ अंगावर पीत असेपर्यंत बहुधा ठीक असते आणि अंगावरचे दूध तोडून वरचे दूध सुरू केल्यावर आजार डोके वर काढतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. अशा बाळांना पुन्हा स्त्रीदूध देऊन जगवल्याची उदाहरणेही होती, मात्र दुधात नेमके काय आहे हे कळत नव्हते. १९७३ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात एडमंड मोयनाहान यांना अशा एका मुलीच्या रक्तात जस्त फार कमी आढळले, त्यांनी जस्ताचे क्षार दिले आणि आजार विरून गेला. आतड्यातून जस्त आत घेणाऱ्या झिप-४ या वाहक प्रथिनाच्या जनुकात दोष असल्याचे २००२ मध्ये उघड झाले. अशा मुलांना आयुष्यभर, वजनाच्या किलोमागे रोज सुमारे ३ मिलिग्रॅम जस्त द्यावे लागते आणि एवढ्या साध्या औषधावर ती पूर्ण निरोगी राहतात. वाहक प्रथिन मोडके असतानाही आईच्या दुधातील जस्त काही प्रमाणात आत शिरत होते, हा त्या दुधाच्या गुणवत्तेचा याहून मोठा पुरावा क्वचितच सापडेल.

निसर्गाने या आजाराचे उलटे रूपही घडवले आहे. काही बाळांना अगदी तेच चट्टे अंगावर पीत असतानाच उठतात आणि दूध सुटल्यावर, पूरक आहार वाढल्यावर नाहीसे होतात. येथे बाळाचे आतडे धडधाकट असते; दोष आईच्या स्तनग्रंथींमध्ये दुधात जस्त सोडणाऱ्या झेडएनटी-२ या वाहकाच्या जनुकात असतो, आणि तो २००६ मध्ये प्रथम ओळखला गेला. आईच्या रक्तातील जस्त नेहमीसारखे असते, दुधातील मात्र तीन चतुर्थांशाने किंवा त्याहूनही अधिक घटलेले असते, म्हणून आईला गोळ्या देऊन उपयोग होत नाही. बाळाला थेट जस्त दिले की काही दिवसांतच त्वचा निवळू लागते आणि स्तनपान निर्वेध चालू ठेवता येते. दूध तोडण्याचे कारण नाही. नॅपीच्या जागचे व तोंडाभोवतीचे चट्टे नेहमीच्या मलमांनी बरे होत नसतील आणि सोबत बाळ किरकिरे व वजनाने मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांनी या शक्यतेचा विचार करावा, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्येही अशी उणीव दिसू शकते.

बहुसंख्य घरांतील प्रश्न इतका नाट्यमय नसतो आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो. महाराष्ट्रात बाळाचे उष्टावण झाले की भाताची पेज, वरणाचे पाणी, मऊ भात, नाचणीचे सत्त्व, क्वचित रव्याची खीर असा क्रम अनेक घरांत असतो. डाळीचा घट्ट भाग खाली ठेवून वरचे पाणी भरवले तर डाळीतले पोषण बहुतांशी भांड्यातच राहते. पॉलिश केलेल्या तांदळात जस्त बेताचेच असते आणि पातळ पेजेत ते आणखी विरळ होते. नाचणी, बाजरी, गहू, हरभरा यांत १०० ग्रॅममागे अडीच ते साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असते खरे, पण त्याबरोबर फायटेटही असते. फायटेट म्हणजे दाण्याने स्वतःच्या अंकुरासाठी साठवून ठेवलेला फॉस्फरसचा साठा. तो जस्ताच्या अणूला पकडून न विरघळणारे संयुग बनवतो आणि ते तसेच मलावाटे निघून जाते. आहारातील फायटेट आणि जस्त यांच्या रेणूंचे गुणोत्तर १५ च्या वर गेले की जेमतेम १५ टक्के जस्त शोषले जाते असे मानतात, आणि शिराझच्या त्या तरुणांच्या रोटीत हेच घडले होते.

यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. धान्य भिजवले, मोड आणले किंवा पीठ आंबवले की दाण्यातील फायटेज हे विकर जागे होऊन फायटेटचे तुकडे करू लागते, आणि जस्त मोकळे होते. पारंपरिक पाककृतींतील फायटेट आणि खनिजांची उपलब्धता यांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बरेच काम झालेले आहे. मोड आणून, वाळवून, दळून केलेले नाचणीचे पीठ त्यामुळे बाळासाठी चांगले ठरते. भिजलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून आणि साका खाली बसवून केलेले सत्त्व दिसायला शुभ्र व पचायला हलके असले तरी त्यात मुख्यतः पिष्ट उरते, हे सांगितलेले आजीला आवडणार नाही, पण ते तसे आहे. पिकातच जस्त वाढवण्याचाही एक मार्ग आहे: लोह व जस्त अधिक असलेल्या बाजरीची चाचणी बेळगाव येथे सुमारे दोन वर्षे वयाच्या मुलांवर झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ही बाजरी खाणाऱ्या मुलांनी साध्या बाजरीपेक्षा लक्षणीय अधिक जस्त शोषले. मांसाहार चालणाऱ्या घरांत काम आणखी सोपे होते, कारण मटण, कलेजी, अंडे यांतील जस्ताला फायटेटचा अडसर नसतो. मऊ शिजवून बारीक केलेले मटण सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला देण्यास वैद्यकीय आक्षेप नाही, तरी दात येईपर्यंत थांबण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. महाराष्ट्र शासनाच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील सात महिन्यांपासूनच्या बालकांना अंडे दिले जाते आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी. पोट भरण्याच्या दृष्टीने ही अदलाबदल ठीक आहे, परंतु केळ्यात जस्त जवळजवळ नसतेच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या केवळ ११.३ टक्के भारतीय बालकांना पुरेसा आणि पुरेशा वेळा आहार मिळत असल्याचे दिसले, तेव्हा जस्ताची चर्चा या आकड्यापासून तोडून करता येत नाही.

मग प्रत्येक बाळाला जस्ताचे थेंबच का देऊ नयेत, हा प्रश्न उरतो, आणि त्यावर प्रयोग झालेले आहेत. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधील स्थलांतरित कुटुंबांतील चार ते नऊ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळांना तीन महिने रोज ५ मिलिग्रॅम जस्त दिले असता त्यांची वाढ सुधारल्याचे आढळले. कॅलिफोर्नियात सुस्थितीतील कुटुंबांच्या चार ते दहा महिन्यांच्या बाळांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा २००६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात वाढीवर, आजारपणावर किंवा हालचालींच्या विकासावर काहीही परिणाम दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात: ज्यांच्यात उणीव असते त्यांना फायदा होतो आणि ज्यांच्यात नसते त्यांना होत नाही. कमी वजनाच्या बाळांचे चित्रही असेच गुंतागुंतीचे आहे. दिल्लीत पूर्ण दिवसांच्या पण वजनाने लहान जन्मलेल्या बाळांना जस्त दिल्यावर मृत्यू घटल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु पुढे दिल्लीतच कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तसा लाभ आढळला नाही. स्त्रीदुधावर वाढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना जस्त देण्याचा विचार करता येईल, अशी सावध शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. भारतात दर पाच-सहा बाळांमागे एक बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मते, त्यामुळे ही शिफारस येथे पुष्कळांना लागू पडते, मात्र मात्रा वजनावर ठरत असल्याने तो निर्णय डॉक्टरांचाच असावा.

जुलाबांच्या बाबतीत मात्र शंकेला फारशी जागा नाही. पातळ जुलाबांबरोबर आतड्यात आलेले जस्त परत शोषले न जाता वाहून जाते आणि त्याच वेळी आतड्याचे अस्तर दुरुस्त करायला ते हवे असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ पासून जलसंजीवनीच्या जोडीने जस्त द्यावे असे सांगितले आहे. भारतातील सरकारी कार्यक्रमानुसार दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, आईच्या काढलेल्या दुधात विरघळवून, आणि त्यापुढील मुलाला २० मिलिग्रॅमची एक गोळी पाण्यात विरघळवून १४ दिवस दिली जाते. आशाताईंकडे आणि आरोग्य उपकेंद्रात ती मोफत मिळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्या बंद करण्याची चूक सर्रास होते; आतड्याचे अस्तर सावरावे आणि पुढच्या काही महिन्यांतील जुलाब टळावेत हा उरलेल्या दिवसांचा हेतू असतो. सहा महिन्यांखालील बाळांत या उपचाराचा फायदा चाचण्यांमधून तितका स्पष्ट झालेला नाही, आणि २०२० मध्ये दिल्ली व टांझानियातील साडेचार हजार मुलांच्या चाचणीने ५ किंवा १० मिलिग्रॅमची मात्राही २० इतकीच उपयोगी पडते व उलट्या कमी होतात असे दाखवले, तरी स्थानिक आरोग्य केंद्राने सांगितलेली मात्रा पाळणेच योग्य. जुलाब चालू असतानाही अंगावरचे दूध मुळीच थांबवू नये.

थेंबांच्या बाटलीवरील आकडा वाचताना जस्ताच्या क्षाराचे वजन आणि प्रत्यक्ष जस्ताचे वजन यांत गल्लत होते, कारण नेहमीच्या झिंक सल्फेटमध्ये, त्यातील पाण्याच्या प्रमाणानुसार, केवळ २३ ते ३६ टक्केच जस्त असते. दीर्घकाळ रोज घेण्याची वरची मर्यादा सहा महिन्यांपर्यंत ४ आणि बारा महिन्यांपर्यंत ५ मिलिग्रॅम मानली जाते. जुलाबांतील मोठी मात्रा दोन आठवड्यांपुरतीच असल्याने चालते. वरच्या मर्यादेहून अधिक जस्त महिनोन्महिने दिले तर आतड्याच्या पेशी तांब्याला अडवून धरतात आणि तांब्याच्या उणिवेने रक्तक्षय होऊ शकतो. रक्त तपासून ठरवू म्हटले तर तेही सोपे नाही, कारण शरीरातील जस्ताचा हजारावा भाग जेमतेम रक्तद्रवात असतो आणि साध्या तापानेही ती पातळी खाली येते. पूर्ण दिवसांच्या, नीट वजन वाढणाऱ्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत भूक वाढावी म्हणून जस्ताचे टॉनिक देण्याला कोणताही आधार नाही, आणि सहा महिन्यांनंतर त्या टॉनिकचे पैसे अंडी, मटण किंवा मोडाच्या कडधान्यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.